एक जूनवाल्यांचा विमा

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी जिलेबी परत पाठवली होती. चव वाईट होती म्हणून नव्हे. पानातली जिलेबी उचलून त्यांनी उजेडाकडे धरली, डावा डोळा मिटून पाहिली आणि वाढप्याला म्हणाले, "हिचा शेवटचा येढा जुळला न्हाई. दुसरी आन." दुसरीही परत गेली. तिसरी पास झाली. मी वधूपिता, घसरता फेटा सावरत पंगतीतून हात जोडत फिरत होतो. मला थांबवून म्हणाले, "प्रॉडक्शन, तुजा केटरर घाई करतोय." मग ती तिसरी जिलेबी त्यांनी इतकी मन लावून खाल्ली, की शेजारी बसलेल्या आमच्या विहीणबाईंच्या भावाने आपलीही उजेडाकडे धरून बघितली.

नाव सांगत नाही. हे छापून आलं की ते वाचणार, आणि नाव चुकलं असेल तर चुकलं म्हणून, बरोबर असेल तर कशाला छापलं म्हणून माझ्या दारात येणार. चाकणच्या आमच्या कंपनीत सगळे त्यांना आबा म्हणायचे, तर आबाच.

आबा फायनल इन्स्पेक्शनला आणि मी प्रॉडक्शनला. म्हणजे मी माल बनवायचा आणि त्यांनी तो नाकारायचा, असा आमचा एकोणतीस वर्षांचा संसार. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचो. आबांच्या टेबलावर लाल रंगाचा एक लहानसा डबा असे आणि त्यात ब्रश. नापास भागावर लाल ठिपका. त्यातही त्यांची एक खास दुष्टाई होती. आधी स्तुती करायचे. भाग हातात फिरवत म्हणायचे, "फिनिश झकास आलाय. कडा बी मऊ हायत. माल चांगला हाय..." आपला चेहरा खुलतो न खुलतो तोच, "...पन पास न्हाई." टप्प. ठिपका.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी प्रॉडक्शन. गोदामवाला स्टोअर. बसचा ड्रायव्हर ट्रान्सपोर्ट. एकदा खुद्द मालक राउंडला आले. आता यांना काय म्हणतात म्हणून आम्ही कान टवकारले. आबा उठले, हात पुसले आणि म्हणाले, "या, कंपनी." मालकांना ते फार आवडलं म्हणे. आम्हाला मात्र त्या वर्षीही बोनस तेवढाच मिळाला.

कारखान्यात एक कागद असतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. भाग मापात जरासा चुकलाय, नवा बनवायला वेळ नाही, गिऱ्हाइकाची लाइन, म्हणजे गाड्या जोडायचं काम, थांबेल. अशा वेळी प्रॉडक्शनने अर्ज करायचा. दोष काय, कारण काय, सवलत किती दिवसांसाठी, सगळं लिहायचं. खाली इन्स्पेक्शनची सही झाली की तेवढा माल चालवून घेतात. सगळीकडे चालतं. प्रॉडक्शनवाल्यांचे अर्धे संसार त्या कागदावर उभे असतात. आबांनी एकोणतीस वर्षांत अशी एकही सही केली नाही.

एका मार्चअखेरीला माझा माल अडकला. मी आबांसाठी चहा नेला, वडापाव नेला, आणि काहीच चालेना तेव्हा शेवटचं हत्यार काढलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "आबा, घरी आई आजारी आहे हो. मला हे टेन्शन झेपत नाही." आबा शांतपणे वडा खात राहिले. घास गिळून म्हणाले, "आईला नमस्कार सांग." मी बाहेर आलो आणि मग मला आठवलं, की आदल्या वर्षी आईच्या दहाव्याला आबा स्वतः घाटावर आले होते.

तरी मी परत आत गेलो. निर्लज्जपणा हाही प्रॉडक्शनच्या पात्रतेचा भाग आहे. म्हणालो, "आबा, गिऱ्हाइकाची लाइन थांबेल."

"थांबू दे की. लाइन थांबली तर चालतंय. गाडी थांबली न्हाई तर?"

माल अडकलेलाच राहिला.

आमची निवृत्ती एकाच दिवशी आली. यात योगायोग काही नाही. आमची अख्खी पिढी एक जूनला जन्मलेली आहे. शाळेत घालताना गुरुजींनी पोराकडे बघितलं, अंदाजाने साल टाकलं आणि पुढे एक जून लिहून मोकळे झाले. त्यामुळे दरवर्षी एकतीस मेला आमच्या कंपनीत घाऊक निरोपसमारंभ असतो. आमच्या खेपेला सहा जण होतो. कागदावर आबा आणि मी एका वयाचे. खरं वय त्यांच्या मावळातल्या आईलाच ठाऊक असावं, कारण माझ्या डोक्यावर पहिला पांढरा केस आला तेव्हा आबांच्या डोक्यावर शेवटचा काळा उरला होता.

मार्चमध्ये एचआरच्या मुलीने आम्हा सहा जणांना कॅन्टीनमध्ये बसवलं. चुणचुणीत पोरगी. म्हणाली, "काका, कंपनीचा आरोग्य विमा एकतीस मेला संपणार. त्यानंतर तुम्ही आणि काकू, दोघांनाही विमा नाही." कोणी तरी म्हणालं, मग घेऊ की एखादा. ती म्हणाली, "घ्या, पण नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं काही मिळत नाही. त्यापेक्षा याच विमा कंपनीकडे एप्रिलअखेरपर्यंत अर्ज दिला, तर आपलीच पॉलिसी तुमच्या नावावर बदलून मिळेल. जुनी वर्षं धरली जातील. एप्रिलनंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

आबांनी एकच प्रश्न विचारला. "व्हाल्व?"

वहिनींच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, हृदयाची एक झडप अरुंद होत चालली होती. बदलावी लागेल, आज नाही पण फार लांबही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"बदलून घेतलीत तर पहिल्या दिवसापासून, काका. नवी घेतलीत तर तीन वर्षांनी."

"तीन वर्सं," आबा म्हणाले, आणि त्यांनी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी मात्र माझा विमा दहा मिनिटांत निवडला. आमच्या हिचा एक मावसभाऊ विमा एजंट आहे. तो रविवारी पेढे घेऊन आला. त्याच्या माहितीपत्रकावर एक पांढऱ्या केसांचा, पांढऱ्या दातांचा माणूस बागेत पळत होता. तो इतका खुशीत होता, की मी आत काय लिहिलंय ते वाचलंच नाही. फॉर्मवर आजारांचे सोळा प्रश्न होते. मावसभाऊ म्हणाला, "दाजी, सगळीकडे 'नाही' लिहा. हप्ता कमी बसतो." मी लिहिलं. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मी इतक्या भराभर उत्तरं दिली नव्हती.

आबांची तऱ्हा वेगळी. ट्रायल लॉट बघितल्याशिवाय ते कुठल्याच सप्लायरचा माल घेत नसत. मग दवाखाना तरी कसा घेणार? एका रविवारी सकाळी मला बोलावून म्हणाले, "चिंचवडच्या त्या मोठ्या दवाखान्यात जायाचं. विम्याचं कार्ड दावल्यावर किती वेळात आत घेत्यात, त्ये बगायचं. तू पेशंट."

"मी का?"

"तू नाटकात काम करायचास न्हवं गणपतीत? निस्तं छातीवर हात ठिवून बसायचं. बोलायचं न्हाई."

इथे मी चुकलो. प्रेक्षक समोर दिसले की मला राहवत नाही. काउंटरसमोर बसलो, छातीवर हात ठेवला, आणि वर एक "आई गं" जोडलं. पुढच्या मिनिटाला मी चाकांच्या खुर्चीत होतो. दोघांनी माझ्या शर्टाची बटणं काढली, छातीला वायरी चिकटवल्या. आबा घड्याळाकडे बघत, वहीत वेळा टिपत, खुर्चीच्या बरोबरीने चालत होते. नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि परत भरली. मग तिने डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर तरुण होता. "काका, बीपीची कुठली गोळी घेता?"

"कुठलीच नाही."

"कधीपासून आहे बीपी?"

"आत्ता दहा मिनिटांपासून," मी म्हणालो.

तो हसला नाही. मग मी घाबरून खरं काय ते सांगून टाकलं, की डॉक्टरसाहेब, हे सगळं नाटक होतं, मला काहीही होत नव्हतं. तो म्हणाला, "काका, नाटक तुमचं असेल. आकडा खरा आहे." बोटाला सुई टोचली, तर साखरेचाही आकडा खरा निघाला. दोन तासांनी, बरंच ऐकून घेऊन आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर पडलो. आबांनी वही मिटली आणि म्हणाले, "काउंटर पास हाय. तू नापास."

त्या संध्याकाळी मी मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, ती चिठ्ठी टाकून द्या. कागद नाही तर बीपी नाही." मला हे तत्त्वज्ञान बेहद्द आवडलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तो सोळा वेळा 'नाही' लिहिलेला फॉर्म आबांच्या हातात दिला. अक्षर फार सुरेख आलं होतं, त्याचं कौतुक व्हावं एवढीच इच्छा.

आबांनी निगडीपासून तळवड्यापर्यंत तो वाचला. मग पिशवीतून लाल रंगाचा डबा काढला. बसमध्येसुद्धा! रक्तदाबापुढच्या 'नाही'वर, टप्प.

"अहो आबा! फॉर्म खराब केलात!"

"फॉर्म आधीच खराब हुता. मी निस्ता दावला." आणि ब्रश पुसत म्हणाले, "आत चीर हाय, तू वरनं रंग मारून माल पाठवला. गिऱ्हाईक काय करतंय?"

"परत पाठवतं."

"कवा?"

"...गाडीला बसवल्यावर. कळलं की."

"म्हंजी तू खाटेवर आडवा झाल्यावर. तवा त्ये तुजी चीर बगाया येत्याल. आन तवा तुजी बायको काउंटरला उभी आसंल, तू न्हाई."

समोरच्या सीटवरून कोणी तरी ओरडलं, "आबा, राव, इथं तरी सोडा प्रॉडक्शनला!" सगळी बस हसली. मीही हसलो. पण बायको त्या काउंटरपुढे उभी आहे, हे एकदा दिसलं की पुसता येत नाही. मी एचआरकडून नवा फॉर्म घेतला, खरंखुरं लिहिलं आणि कंपनीचीच पॉलिसी बदलून घेतली. मावसभाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतो. पेढे तर बंदच झाले.

एप्रिल संपत आला. आम्हा पाच जणांचे अर्ज गेले. आबांचा नाही. एचआरच्या मुलीने दोनदा निरोप पाठवला. शेवटी मला गाठून म्हणाली, "काका, उद्या शेवटचा दिवस आहे. आबांना कोणी तरी सांगा हो. माझं ऐकत नाहीत, मलाच फॉर्ममधल्या चुका दाखवतात."

मी त्या संध्याकाळी रावेतला त्यांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. "या भाऊजी," एवढंच म्हणून त्या दाराला धरून थांबल्या. दारापासून सोफ्यापर्यंत येताना मध्ये खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून पुन्हा थांबल्या. मी बघितलं, तर हसून म्हणाल्या, "माजी गाडी हितं थांबा घेतीया. तुमी बसा."

आबा टेबलाशी. समोर निरनिराळ्या विम्यांचे कागद, प्रत्येकाला स्वतंत्र तपासणी तक्ता, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल ठिपका. एकात झडपेला तीन वर्षं थांबा. एकात साठीनंतर भरमसाट हप्ता. कंपनीचा बदलून मिळणारा होता, त्यात झडपेचं पहिल्या दिवसापासून होतं; पण खोलीभाड्याला मर्यादा, म्हणजे स्वतंत्र खोली नाही, तीन खाटांची. आणि बिलातला दहावा हिस्सा आपण भरायचा. तोही नापास.

"आबा, उद्या मुदत संपते."

"एक बी पास न्हाई. तिला छाती उघडल्यावर तीन खाटांच्या खोलीत टाकू? दुसऱ्यांची मानसं येनार, डबे उगडनार, मोबाइल वाजवनार. न्हाई जमायचं. आनि बगतो. असंल कुठंतरी."

वहिनी आतून म्हणाल्या, "मला बगाया ह्ये चार येळा आले हुते, भाऊजी. चौथ्या येळंला माज्या बापानं इचारलं, पाव्हनं, पास का नापास त्ये येकदा सांगा, मला पेरनी करायचीय." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. आबा कान देऊन बसले होते. भांडं वाजलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा कळलं, की या माणसाला हट्ट नव्हता, भीती वाटत होती. आजवर नाकारलेल्या मालाने कोणाचं वाईट झालं नव्हतं. पास केलेला चुकला तर?

मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. मला काही फार सुचलं असं नाही. एकोणतीस वर्षं जे करत आलो तेच हाताने केलं. वर लिहिलं, डेव्हिएशन. भाग : आरोग्य विमा. दोष : तीन खाटांची खोली, दहावा हिस्सा स्वतः. कारण... इथे मी थांबलो आणि लिहिलं, 'नाही तर लाइन थांबेल.' अर्जदार म्हणून खाली सही केली, प्रॉडक्शन, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

आबांनी तो तीनदा वाचला. मला वाटलं, आता डबा उघडणार. पण ते म्हणाले, "मुदत लिव्हली न्हाईस. डेव्हिएशनला मुदत लागती. किती दिवसांसाठी?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या, कपबशा ट्रेमध्ये मांडून, चालायला दम येण्याची वाट बघत.

"वहिनी न थांबता इथवर चहा घेऊन येईपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. खाली सही केली, एकोणतीस वर्षांतली पहिली. मग उठले, आत गेले आणि ट्रे स्वतः घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच ते एचआरच्या दारात अर्ज घेऊन उभे. मुलीने दार उघडल्यावर म्हणाले, "एचआर, तुजं घड्याळ चार मिंटं मागं हाय."

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. झडप बदलली. विमा कंपनीची मंजुरी अर्ध्या दिवसात आली. तो वेळही आबांनी टिपला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "सगळं उत्तम झालं." आबा म्हणाले, "तपासलं कोनी?" "मीच." "करनाऱ्यानं सोताचं काम सोता पास करायचं नसतं," आबा म्हणाले. मी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं.

पाचव्या दिवशी वहिनींना अतिदक्षतेतून खोलीत आणलं. तीन खाटांची खोली. एका खाटेवर खेडची एक म्हातारी, दुसऱ्यावर पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराची आई. मी दुपारी भेटायला गेलो, तर आबा नर्सशी हुज्जत घालत होते. वरचे पैसे पदरचे भरतो, पण स्वतंत्र खोली द्या. नर्स म्हणाली, "एक रिकामी झालीय. हलवू का?"

वहिनींनी छातीशी उशी कवटाळली होती. खोकला आला तर टाक्यांवर ताण पडू नये म्हणून देतात ती. त्या म्हणाल्या, "मी न्हाई जायाची."

"आगं, शांतता ऱ्हाईल."

"काय करू शांततेचं? चाळीस वर्सं शांतताच हाय. ह्या मावशीनं सकाळपास्नं तिच्या तिन्ही सुनांचं सांगितलं. त्या ताई लोनच्याचं सांगत्यात. हितं मानसं बोलत्यात. तुमी घरी बोलता कवा?"

नर्स छताकडे बघायला लागली. मीही खिडकीबाहेर बघितलं. मग आबांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, खाटेजवळ आणलं, पाय डगमगतात का ते बघितलं आणि बसले.

"काय बोलू?"

"काय बी."

आबांनी पुष्कळ विचार केला. मी दारापर्यंत पोचलो तरी ते विचारच करत होते. अखेर घसा खाकरून म्हणाले, "त्यो वरचा पंखा हाय ना. त्याचं बेरिंग गेलंय."

वहिनी हसल्या. उशी घट्ट दाबून धरत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नगा हसवू वो," त्या म्हणाल्या, "टाकं दुकत्यात." आणि मग, जराशा सावरून, "कशावरनं म्हंता?"

आबा स्टूल पुढे ओढून सांगायला लागले.